सरांची रजा

हे घडलेलं आहे. वैशालीताई माझ्या थोरल्या नणंद. संध्याकाळचा दिवा लावून, त्याच्यासमोर बसून त्यांनी हे सांगितलं. दिव्यासमोर त्या खोटं बोलायच्या नाहीत.

नेरूळचं एक कॉलेज. गेल्या श्रावणातला शुक्रवार, दिवेलागणीची वेळ.

ताईंची उभी हयात तिथे गेली. आधी लेक्चरर, मग विभागप्रमुख, मग उपप्राचार्य. प्राचार्य कमळाकर सर रजेवर गेले की चार्ज ताईंकडे यायचा. पण सरांच्या खुर्चीत त्या कधी बसल्या नाहीत. चार्जवाल्याने बाजूची खुर्ची घ्यायची, ही तिथली रीत. सर परतले की दारातून म्हणायचे, "द्या मॅडम, माझं ओझं."

ताई उठायच्या. झालं.

आषाढात सर रजा टाकून गावी गेले. तिथेच, झोपेत गेले.

चार्ज परत घ्यायला कोणी आलंच नाही.

मग ताईंचीच कायम प्राचार्य म्हणून निवड झाली. आयुष्यभर वाट पाहिलेलं पद. सोमवारी रुजू व्हायचं होतं. शिपाई गोटीराम चिडवायला लागला, "आता बसा की मोठ्या खुर्चीत, म्याडम. किती दिस पावन्यासारख्या कडेला बसनार?"

त्या शुक्रवारी स्टाफ घरी गेला, तेव्हा ताईंनी हळूच बसून पाहिलं.

खुर्ची कोमट होती...

केबिनमध्ये दुपारपासून एसी चालू होता.

ताई झटकन उठल्या. मनात नाम घेत बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या.

थोड्या वेळाने गोटीराम चहा घेऊन आला. दोन कप. एक ताईंपुढे ठेवला. दुसरा, बिनसाखरेचा... मोठ्या खुर्चीपुढे.

ताईंनी विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. बेल दोनदा वाजली, म्हणाला. सर तशीच द्यायचे, म्हणून हात सवयीनं गेला.

"पन बेल तर वाजली ना, म्याडम?"

बेलचं बटण मोठ्या खुर्चीच्या हाताशी. ताईंनी त्याला बोटही लावलं नव्हतं.

गोटीराम कप उचलून निघून गेला.

मग कॉरिडॉरमध्ये बूट वाजले. सावकाश...

दारापर्यंत आले. थांबले.

ताई उभ्या राहिल्या. इतकी वर्षं उभ्या राहत आल्या, तशाच.

"या सर. घ्या तुमचं ओझं."

दार हललं नाही.

टेबलावरचा इंटरकॉम वाजला. ताईंनी उचलला. पलीकडे आधी नुसता श्वास... मग तोच आवाज, फार दमलेला.

"अजून थोडे दिवस सांभाळा, मॅडम. रजा वाढवतोय."

सोमवारी ताई रुजू झाल्या. हार घातले, पेढे वाटले. दारावर त्यांच्या नावाची पाटी लागली.

बसतात मात्र बाजूच्याच खुर्चीत. लोक हसतात, ताई ऐकून घेतात. कॉरिडॉरमध्ये कुणाची पावलं वाजली की बोलता बोलता थांबतात, अर्धवट उठतात...

रजा कधीपर्यंत, ते सरांनी सांगितलेलं नाही.