डावीकडे उतरलेली धार

मी वजनं-मापं तपासायच्या कचेरीत काम करते. सकाळी दारातल्या यंत्रावर उजवा अंगठा टेकवायचा, यंत्र 'ओळख पटली' म्हणतं, मग दिवसभर लोकांचे तराजू आणि फूटपट्ट्या खऱ्या की खोट्या ते सांगायचं. सुट्टीच्या दिवशी मी सुतारकामाच्या जुन्या पटाश्या जमवते. सध्या चौऱ्याऐंशी आहेत. लोक लांबलांबून फोटो पाठवतात आणि मी सांगते, ही किती जुनी, पातं एकाच पोलादाचं की दोन धातू जोडलेलं, मूठ मूळची की मागाहून बसवलेली.

या छंदात एक नियम आहे. सापडलेल्या पटाशीला धार लावायची नाही. गंज काढा, मुठीला तेल द्या, पण धार आहे तशी राहू द्या. प्रत्येक कारागिराची धार लावायची खोड वेगळी असते आणि ती पात्यावर उतरते. कारखान्याचा छाप हजार पटाश्यांवर असतो, माणूस फक्त धारेत सापडतो.

तो नियम मी मोडला, आणि रागानं मोडला.

गेल्या महिन्यात जुन्या बाजारात, एका भंगारवाल्याच्या बिजागऱ्यांच्या डब्यात एक इंची पटाशी दिसली. मुठीवर करवतीच्या तीन खाचा, धार डावीकडे उतरलेली. हातात घ्यायच्या आधीच मी ओळखली. माझे वडील सुतार होते. लहानपणी मोडलेला त्यांचा उजवा अंगठा वरच्या पेरात आत वळलेला होता, सरळ व्हायचाच नाही. त्यामुळे धार लावताना दगडावर दाब एकाच अंगाला पडायचा. त्यांच्या बाराही पटाश्या तशाच तिरक्या होत्या.

मी अकरा वर्षांची असताना त्यातली एक उचलली, तर बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुझ्या हाताला धार बसायची नाही," म्हणाले आणि पुन्हा रंध्याकडे वळले. ओरडले असते तर कदाचित मी विसरले असते. पुढे सगळा संच त्यांनी धाकट्या भावाला दिला. त्याला भिंतीत खिळा ठोकायचा तरी शेजाऱ्याला हाक मारावी लागते. बाबा गेल्यावर वर्षाच्या आत तो संच भंगारात विकून मोकळा झाला. त्या दोघांवरचा राग मी वीस वर्षं नीट तेलपाणी करून जपला आहे.

त्या संध्याकाळी मी दगड भिजवला आणि बाबांची खोड घासून काढली. गुण्या लावला, काटकोन अचूक. पात्याची लांबी वहीत लिहिली, एकशे बारा मिलिमीटर. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले तर धार डावीकडे उतरलेली होती. दगड ओला होता. लांबी एकशे अकरा.

घराची दुसरी किल्ली फक्त भावाकडे होती. मी फोन लावला.

"पटाशीला हात कुणी लावला?"

"कसली पटाशी?"

"साळसूदपणा पुरे. माझ्या घरात येऊन नसते उद्योग करतोस."

"ताई, मला धार लावता येते का? कधी आली का?"

संध्याकाळी तो आला, किल्ली टेबलावर ठेवली आणि पाणीही न घेता गेला. मी तरीही कुलूप बदललं.

रोज सकाळी मी धार सरळ करून जायचे, रोज संध्याकाळी ती तिरकी. एकशे दहा. एकशे नऊ. एक दिवस दगडच पिशवीत घालून कचेरीत नेला आणि माझ्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवला. पाच वाजता खण उघडला तर आतले कागद भिजून लगदा झाले होते. घरी धार तिरकीच होती.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. मी संतापले. जन्मभर एक शब्द मागे घेतला नाही बाबांनी, आणि आता माझं काम पुसायला येतात. पटाशीचं कडक पोलाद पुढच्या टोकालाच असतं. ते संपलं की उरते नुसती लोखंडाची पट्टी. कुणीतरी थांबल्याशिवाय बाबांची पटाशी वाचणार नव्हती, आणि थांबणारी मी नव्हते.

सत्त्याण्णववर आल्यावर मी रजा टाकली. सकाळपासून दगडाशी बसले. बोटं आखडेपर्यंत घासलं. मग पातं खिडकीपुढे धरून मोठ्यानं म्हटलं, "बघा आता. बसली की नाही?"

संध्याकाळी धार सरळ होती. दुसऱ्या दिवशीही. पाच दिवस दगड कोरडा ठणठणीत.

रविवारी भावाला मुद्दाम बोलावलं. चहा केला, पटाशी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उचलायला हात पुढे केला.

"ठेव," मी म्हटलं. "तुझ्या हाताला धार बसायची नाही."

त्यानं हात मागे घेतला.

"बाबा मलाही हेच म्हणायचे," तो म्हणाला. "संच दिला त्या दिवशीसुद्धा. म्हणून विकल्या. घरात नको होत्या मला."

हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत मी विचारलंच नव्हतं. मी कप उचलला.

तो माझ्या हाताकडे बघत होता.

"ताई, अंगठा सरळ कर."

मी करायला गेले. वरचं पेर आत वळलेलं होतं. ते हललं नाही. दुखतही नव्हतं.

सोमवारी कचेरीच्या दारात, डाव्या हातानं दाबून अंगठा यंत्रावर पूर्ण टेकवला. यंत्र बोललं नाही.

"बोट पुसून बघा, मॅडम," पहारेकरी म्हणाला.

मी पुसलं. रुमालाला दगडाचा राखाडी गाळ लागला, ओला. मी पुन्हा अंगठा टेकवला.

'ओळख पटली नाही,' यंत्र म्हणालं.