वरच्या घरी विचारा

दर्शनाचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. डेटाबेसच्या एका सॉफ्टवेअरची दोन हजार पानांची माहितीपुस्तिका, आणि तिच्यात जागोजागी ‘अधिक माहितीसाठी अमुक पान पाहा’ असे दुवे. ते सुधारायचे. पुसला गेलेला डेटा परत कसा आणायचा हे शोधणारा माणूस एका पानावरून दुसऱ्यावर जायचा, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि तिसरं पान त्याला गुमान पहिल्यावर आणून सोडायचं. अशी सतरा चक्रं तिला सापडली होती. लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपलं ओझं शेजारच्या पानावर ढकललेलं. असल्या टोलवाटोलवीची दर्शनाला मनापासून चीड होती.

लग्न होऊन ती पुण्याहून रत्नागिरीजवळच्या या खाडीकाठच्या वाडीत आली, त्याला चारच महिने झाले होते. नवरा रितेश मुंबईला नोकरीत. घरी सासू गुणवंती आणि सासरे रघू. सासऱ्यांना ती इथल्या रीतीप्रमाणे मामा म्हणायची. त्यांचा जन्म मासेमारीत गेला होता. आता ते सकाळ-संध्याकाळ पडवीत बसून जाळी विणायचे, आणि सुनेची मीटिंग चालू असली की कोंबड्यांनासुद्धा दबक्या आवाजात हाकलायचे. दर्शनाचे वडील ती लहान असतानाच गेले होते. मामांचा तिला फार लळा लागला होता. भर दुपारी तेवढे ते माजघरात जाऊन बसायचे. उन्हामुळे असेल, असं तिला वाटायचं.

मार्चमधल्या एका दुपारी अंगणाच्या दगडी गडग्यापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. तिशीचा, काळासावळा, गुडघ्यापर्यंत ओला.

“बाय, रघूचा घर कुठला?”

गुणवंती तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “वर महिपतकडे इचार.”

तो पाखाडीच्या पायऱ्या चढून गेला.

“आई, मामा तर घरातच आहेत.”

“तुला काय करायचा हाय त्यात? जुना हाय ते.”

भावकीतला तंटा असणार, असं दर्शनाने धरलं. घरोघरी मातीच्या चुली.

चार दिवसांनी ती दूध आणायला वर महिपतकाकांकडे गेली होती, तेव्हा तो तिथे आला. तसाच ओला, शब्दही तेच. काकांनी त्याला पलीकडच्या घरी विमलाकडे धाडलं. थोड्या वेळाने विमलाच्या अंगणातून आवाज आला, “खाली गुणवंतीस इचार.”

तीन घरं आणि एक चक्र. दर्शनाला हसू आलं, मग त्या माणसाची कीव आली.

“काका, कधीपासून फिरतोय हा?”

“माझ्या बापसानं पण त्याला विमलाच्या सासऱ्याकडेच धाडलेला.”

“तो याचा बाप असेल, काका.”

महिपतकाका दूध मोजत राहिले.

त्याच आठवड्यात तिने पुस्तिकेतलं सतरावं चक्र मोडलं. आता कुठूनही निघालेला माणूस एका दुव्यात उत्तरापाशी पोचत होता. तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुणवंती बाजाराला गेली होती. दुपारी तो आला. खाडीला ओहोटी होती, तरी त्याचे पाय ओले होते. ओठ उन्हाने फुटले होते.

“बाय, रघूचा घर कुठला?”

“हेच,” दर्शना म्हणाली. “या, बसा. पाणी देते.”

ती तांब्या घेऊन आली तेव्हा मामा पडवीत आले होते. अंगात धुतलेला सदरा होता.

“लय दिवस लावलंस,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

“कोण सांगत नव्हता.”

मामांनी दर्शनाच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी चूक नाय गो.”

दोघं खाडीच्या दिशेने उतरून गेले. पाणी कोणी प्यायलं नाही.

गुणवंती परतली तेव्हा तिने रिकामी पडवी पाहिली.

“मीच सांगितलं,” दर्शना म्हणाली.

गुणवंती रागावली नाही. ती रागावली असती तर दर्शनाला सोसलं असतं. पिशवी खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, “आता दुपारचा मला आत बसाय हवा.”

पोलीस झाले, होड्या फिरल्या, रितेश आठ दिवस राहून गेला. काही हाती लागलं नाही. दर्शना रात्रंदिवस स्वतःला दोष देत राहिली.

पंधराव्या दिवशी दुपारी ती पडवीत तांदूळ निवडत होती.

“बाय.”

गडग्यापाशी मामा होते. तोच धुतलेला सदरा. गुडघ्यापर्यंत ओले.

ती धावत पायरीपर्यंत गेली आणि थांबली. परक्या बाईकडे पाहावं तसं ते तिच्याकडे अदबीने पाहत होते.

“गुणवंतीचा घर कुठला?”

आत माजघरात बांगड्यांचा आवाज बंद झाला.

दर्शनाने हात उचलला. तिने पाखाडीकडे नीट बोट दाखवलं.

“वर,” ती म्हणाली. “महिपतकाकांकडे विचारा.”

“बरा,” मामा म्हणाले.

दोन पायऱ्या चढून ते थांबले. डावा गुडघा दाबत थोडे वाकले. चढण लागली की तो त्यांना नेहमीच दुखायचा. मग हळूहळू वर गेले.