दिवा कोणी लावला?

त्या घरात रोज तिन्हीसांजेला एकच भांडण व्हायचं: स्वयंपाकघरातला दिवा कोणी लावून ठेवला?

भांडण काढायची सून. दिवसभर ऑफिसात डोकं पिकवून फाटकाशी यावं, तर घर अंधारात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लख्ख. आत सासूबाई पुढच्या खोलीत पाय पसरून बसलेल्या, लेक अभ्यासाच्या नावाखाली झोपलेली, नवरा अजून यायचाच.

"स्वयंपाकघरात कोणी नाही, मग दिवा कोणासाठी?"

"मी नाही हो लावला," सासूबाई म्हणायच्या.

"मी पण नाही," लेक म्हणायची.

एकदा चौघंही दिवसभर बाहेर होती. परतली तर दिवा चालूच. तिने लेकीला फैलावर घेतलं. "निघताना मी बंद केला होता," म्हणत पोर रडली, पण तिला ते खरं वाटलं नाही. "या घरात माझं ऐकणारं एक माणूस नाही," हे तिचं पालुपद. आणि ते खोटंही नव्हतं. सांगून सांगून तोंड दुखायचं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात नवरा हौशी कारागीर. मागे त्याने बाहेरची भिंत रंगवली, तेव्हा भिंतीबरोबर गॅसचा मीटर, पाइप आणि पाइपावरचा कॉकही रंगवून टाकला. "कॉक चिकटून बसेल," ती म्हणाली होती. "किती एकसारखं दिसतंय बघ," तो म्हणाला होता.

त्या रविवारी दुपार कलल्यावर स्वारी ड्रिल घेऊन स्वयंपाकघरात शिरली. फळी ठोकायची होती.

"त्या भिंतीतून गॅसचा पाइप जातो," तिने बजावलं.

"कुठून जातो ते मला माहीत आहे."

पाइप मात्र त्याला विचारून बसवलेला नव्हता. ड्रिलचा आवाज एकदम पातळ झाला, भिंतीतून सूं असा फूत्कार आला आणि वासाने तिचं डोकं गरगरलं.

"अगं, थांब, पंखा लावतो. वास जाईल."

"कशालाही हात लावू नका!" ती किंचाळली. "ना पंखा, ना दिवा! ड्रिल तिथेच ठेवा, पिनसुद्धा काढू नका. बाहेर व्हा!"

तिने खिडकी सताड उघडली, लेकीला पुढे घातलं, चष्मा शोधत बसलेल्या सासूबाईंना दंडाला धरून बाहेर काढलं. मग मीटरकडे धावली. कॉक जागचा हलेना. रंगाने तो पाइपाशी एकजीव झाला होता.

"हातोडी आणू?" नवऱ्याने विचारलं.

"आणा! ठिणगी तेवढी उडायची राहिलीय!"

रस्ता ओलांडून, घरापासून लांब गेल्यावरच तिने मोबाइल काढला आणि गॅसच्या ऑफिसला कळवलं. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना बेल न वाजवता, दारं थोपटून बाहेर काढलं. नवरा हात चोळत उभा होता. त्याच्याकडे बघितलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

गॅसवाला आला तेव्हा उन्हं गेली होती. कॉक बघून त्याने कपाळाला हात लावला.

"हा कोणी रंगवला?"

नवऱ्याने हात पाठीमागे घेतले.

"आता रस्त्यातूनच बंद करायला हवा. गळती थांबली तरी आत कोंडलेला गॅस निघून जाईपर्यंत घरात पाय ठेवायचा नाही." फाटकासमोरचं लोखंडी झाकण त्याने सावकाश, लाकडी दांड्याने उचकटलं. खाली खड्डाभर माती साचली होती. ती उपसता उपसता त्याने विचारलं, "आत कोणी राहिलं नाही ना? दिवाबिवा लावणारं?"

"कोणी नाही," नवरा म्हणाला.

तिने खिडकीकडे पाहिलं. आतला काळोख दाटत होता. ती सासूबाईंकडे वळली.

"आई, संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा तुम्हीच लावता ना?"

"मी? मला त्या बटणापर्यंत हात तरी पोचतो का? मला वाटायचं, तूच सकाळी लावून जातेस आणि मग आम्हालाच बोलतेस."

"मी तर त्या वेळी घरातच नसतो," नवरा म्हणाला.

लेकीने आईचा हात घट्ट धरला.

रस्त्यावरचे दिवे लागले. रोजची हीच वेळ. गॅसवाला अजून खड्ड्यात वाकलेला होता. एक ठिणगी, आणि हे घर, शेजारची घरं, हा माणूस, काही उरणार नव्हतं.

ती फाटकापर्यंत धावत गेली.

"दिवा लावू नका!" ती खिडकीकडे बघून ओरडली. रोजचाच चिडका सूर, पण आवाज चिरकला. "ऐकताय का? मी सांगेपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही!"

गॅसवाल्याने मान वर केली. "आत कोण आहे?"

"कोणी नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा माती उपसू लागला.

रस्त्याच्या टोकाकडच्या घरांतून एकेक दिवा लागत गेला. त्यांची खिडकी काळीच राहिली. इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

बऱ्याच वेळाने खड्ड्यातला कॉक फिरला. आणखी बऱ्याच वेळाने गॅसवाला आपलं यंत्र घेऊन घरभर फिरून आला.

"हवा साफ आहे. उद्या पाइप बदलू, तोवर शेगडी बंद. दिवे लावायला हरकत नाही. जा आता घरात."

कोणी हललं नाही.

खिडकी अजून काळीच होती.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तू सांगेपर्यंत, म्हणाली होतीस."

ती खिडकीकडे वळली.

"लावा आता," ती म्हणाली.

बटणाचा खट्ट आवाज फाटकापर्यंत आला. स्वयंपाकघरात दिवा लागला.

गॅसवाल्याने चौघांकडे पाहिलं. एकेकाकडे, नीट. मग पिशवी उचलली.

"चला," सासूबाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "तुझं ऐकणारं एक तरी निघालं घरात."