डूगलचा बिल्ला

बोट उद्याही निघणार नाही. तोंडं वाकडी करू नका, वारा काही माझ्या खिशात नाही. आणि तो कोपऱ्यातला कोण म्हणाला, बोट नाही तर नाही, किनाऱ्यावरून उतरू, घळीतून थेरडीच्या खडकापर्यंत अंतर ते किती, दोनशे मीटर? दोनशेच आहे. दार ओढून घे आणि बस खाली. शेगडीत एक लाकूड टाक. तुम्हाला इनिस पर्व्हसची गोष्ट सांगतो. इनिस अजून जिवंत आहे, वरच्या आळीत राहतो. खोटं वाटलं तर सकाळी जाऊन विचारा. तो दार उघडेल की नाही, याची हमी मात्र मी देत नाही.

दिवस नोव्हेंबरचा चौथा शनिवार, अमावस्येचा आदला दिवस. सकाळी नऊ वाजता इनिस माझ्या बोटीच्या इंजिनाचा पंप आणायला शहरात गेला. सहा आठवडे समुद्रानं आम्हाला पाण्यात उतरू दिलं नव्हतं, आणि त्या दिवशी मेला असा निवांत पडला होता की धक्क्यावरून तळाचे दगड दिसत होते. नेमकी तेव्हा बोट बंद. दोन वाजता इनिस परत आला, खोकं माझ्या हातात दिलं, मी उघडलं.

"हा आपला नाही."

"आपला नाही म्हणजे?"

"चार बोल्टांचा आहे. आपल्याला सहाचा लागतो."

"मी नंबर कागदावर लिहून दिला होता त्या शहाण्याला! वर दोनदा वाचून दाखवला!"

"त्यानंही दोनदा ऐकला असेल. दिला चारचाच."

इनिसनं खोकं उचललं आणि धक्क्यावर आपटलं. त्या महिन्यातली चुकीच्या पंपाची ही तिसरी खेप. "सहा आठवड्यांनी पाणी उघडलं, तांडेल," तो म्हणाला, "आणि तुझं हे डबडं!" एरवी माझ्या बोटीला कुणी डबडं म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. पण त्याची तगमग कशासाठी होती, ते मला माहीत होतं.

डूगलसाठी.

डूगल आणि इनिस शाळेपासूनचे दोस्त, आणि शाळेपासून भांडत आलेले. दोघंही पाण्याखाली बुड्या मारणारे. पण डूगल किनाऱ्यावरून उतरणारा, किनारावाला, आणि इनिस बोटवाला. डूगल म्हणायचा, "बोटीतून उतरणारा म्हणजे जावई. नेऊन सोडा, उचलून आणा, हातात सूप द्या." इनिस म्हणायचा, "आणि तू गाढव. चाळीस किलो ओझं पाठीवर घेऊन दगडांतून धडपडत जातोस, कशाला, तर पाण्यात जाऊन हलकं वाटावं म्हणून!" यावर डूगलचं उत्तर ठरलेलं असे. "बोट तुला विसरू शकते. किनारा कुठं जातो?"

धक्क्याच्या भिंतीवरची ती फळी तुम्ही येताना पाहिलीच असेल. या गावातून जो कुणी पाण्यात उतरतो, घळीतून उतरो नाहीतर बोटीतून, तो आपल्या नावाचा पितळी बिल्ला तिथल्या खिळ्याला लावून जातो. परत आला की काढून घेतो. स्वतःचा स्वतः. बाप मुलाचा काढत नाही, बायको नवऱ्याचा काढत नाही. माझ्या आजापासून हे असंच आहे.

त्याच्या दोन वर्षं आधीच्या ऑक्टोबरात इनिसनं गळ घालून घालून डूगलला एकदाचं बोटीवर आणलं. थेरडीवर नेलं. त्या खडकाचं खरं नाव कार्लिन, पण ती थेरडीच आहे, कुणाचं बरं बघवत नाही तिला. माणसं पाण्यात असतानाच ईशान्येकडून लाटा उसळू लागल्या. एकेकाला कसंबसं वर ओढलं. अर्धे कठड्यावर वाकून ओकत होते. मी कागद घेऊन हजेरीला लागलो. "इनिस?" "आहे." त्याच्याखालीच नाव होतं, "डूगल?" डूगलचा आवाज आला नाही. इनिसनं मागे पाहिलं, काळ्या सूटमधला एक जण कठड्यावर वाकलेला दिसला. तो म्हणाला, "आहे, आहे, चल तू!"

मी खूण केली आणि बोट हाकली. मान वर करून पाहिलं नाही.

तो वाकलेला माणूस दुसराच होता. आम्हाला कळायला अठरा मिनिटं लागली. परत गेलो तेव्हा पाण्यावर काही नव्हतं. चार दिवस शोधलं, हेलिकॉप्टर आलं, पाणबुडे आले. त्याच्या पायाची एक फिनसुद्धा मिळाली नाही. चूक कुणाची, हे गावात अजून ठरलेलं नाही. मला विचाराल तर दोघांची. झोप लागत नाही त्या रात्री माझ्या एकट्याची.

बिल्ला फळीवरच राहिला. पहिल्या हिवाळ्यात वादळात तो रात्रभर खडखडायचा, आणि डूगलची बायको एल्स्पेथ समोरच राहते. म्हणून मी हातोडी घेऊन त्याचा खिळा वर वाकवला आणि टोक परत फळीत ठोकून घातलं. काढायचा तर खिळाच उपटावा लागला असता.

त्यानंतर दोन वर्षं इनिस दर रविवारी माझ्या बोटीतून थेरडीवर उतरायचा, डूगलचं काहीतरी शोधायला. समुद्रानं उतरू दिलं तर. आणि दर रविवारी एल्स्पेथच्या दारात रिकाम्या हातानं उभा राहायचा. तिनं त्याला कधी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणायची, "एवढंसं काही आण, इनिस. पट्टा आण, बकल आण. पुरायला काही नाही माझ्याकडे. मी कशाशी बोलू?"

आणि त्या शुक्रवारी, म्हणजे आदल्या दिवशी, ती म्हणाली होती, "तू आपला बोटीवरून शोधतोस. डूगल कधी बोटीची वाट बघत बसला असता का? तो घळीकडेच आला असेल."

हे त्याला लागलं. कारण घळीत तो एकदाही उतरला नव्हता. त्याला तिची भीती वाटायची.

आता कळलं ना, खोकं का आपटलं ते? सोमवारपासून परत वारा सुटणार होता. मला म्हणाला, "घरी जातो." गेला नाही. पाणी भरती आणि ओहोटीच्या मध्ये थांबतं ती वेळ त्या दिवशी पाच चाळीसची होती. आमच्याकडे नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो. इनिसनं गाडीतून सामान काढलं, फळीपाशी गेला, डूगलच्या शेजारच्या खिळ्याला आपला बिल्ला लावला. जोडीदार नाही, कुणाला सांगणं नाही. रागात होता. रागावलेला माणूस मोजून काही करत नाही.

घळीत खाली बत्तीस पायऱ्या आहेत. पाणी सात अंशांचं. ओठांना सुया टोचाव्या तसं लागलं, मग ओठच नाहीसे झाले. तो बॅटरी लावून तळाशी गेला आणि शोधू लागला. दगड उलटे केले. शेवाळाचे लांब पट्टे बाजूला सारले. शेवंडं पकडायचा एक मोडका पिंजरा सापडला. दोराचा तुकडा. एक बाटली. डूगलचं काही नाही. कपारीत हात घातला तर खेकड्यानं हातमोजा धरला. पाण्याखाली शिव्या देता येत नाहीत, नाहीतर त्या मला धक्क्यावर ऐकू आल्या असत्या. शोधत शोधत, घळीची भिंत धरून, तो पार थेरडीच्या पायथ्याशी पोचला. हवेचा काटा पाहिला. हवा संपत आली होती.

आणि तिथं त्यानं बोटवाल्याची चूक केली. हवा संपत आली की बोटवाला सरळ वर जातो. वर बोट असते, दिवे असतात, कुणीतरी हात देतं. किनारावाला तसं करत नाही, तो तळानं आल्या वाटेनं परत येतो. आणि अंधाराचा उतरणार असेल तर घळीच्या पायरीवर कंदील लावून ठेवतो. डूगलनं वीस वर्षं लावला. इनिसच्या ते डोक्यातच आलं नाही. कधी गरजच पडली नव्हती.

तो वर आला. गोल फिरला. बोट नव्हती. असणार कुठून? इंजिनाचे तुकडे माझ्या पुढ्यात पडले होते.

किनाऱ्याकडे बॅटरी मारली. काळा कडा. इकडेही काळा, तिकडेही काळा. घळीचं तोंड कुठं, कळेना. आधी त्याला राग आला. माझा, पंपवाल्याचा, एल्स्पेथचा, डूगलचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. "मूर्खा," तो मोठ्यानं म्हणाला, "कंदील नाही लावलास, मूर्खा!"

मग त्याच्या लक्षात आलं, थेरडी उजवीकडे होती ती आता डावीकडे आहे.

पाणी सुटलं होतं. अमावस्येची ओढ. तो पोहू लागला. कडा तिथंच. जोरानं पोहला. कडा तिथंच. पाय जड झाले. बोटं वळेनात. बॅटरी पिवळी पडली... आणि विझली.

त्यानं ओरडून पाहिलं. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज फुटला नाही.

तेव्हा त्याला दिवा दिसला.

खाली, अगदी पाण्यालगत. लहान. पिवळा. घड्याळाच्या लंबकासारखा हलत होता... कुणी हातात धरून हलवावा तसा. इनिसला वाटलं मीच आलो. रडूच फुटलं त्याला. दिव्याकडे तोंड करून हात मारू लागला.

दिवा थांबला.

"इनिस?"

हाक नव्हती ती. ओरडणं नव्हतं. हजेरी घेताना विचारतात तसं.

"आहे!" इनिस म्हणाला. "तांडेल! आहे मी!"

उत्तर नाही.

पाणी कड्यावर चुळुक चुळुक करत होतं. दिवा जागेवर होता. इनिस वाट पाहत राहिला... कशाची, ते त्यालाही कळेना. मग कळलं.

यादीत त्याच्याखाली एक नाव होतं.

ते कुणी घेत नव्हतं. ते त्यानंच घ्यायचं होतं.

तोंडात खारट पाणी. जबडा थडथडत होता.

"डू... डूगल?"

काही नाही.

इनिसच्या जिभेवर शब्द आला होता. दोन वर्षांपूर्वी आला होता तोच. त्यानं दात आवळले. बोलला नाही. थांबला...

थांबला...

"आहे."

पायऱ्यांवरून. शांतपणे. डूगलच्याच आवाजात.

इनिस कसा पोचला ते त्याला आठवत नाही. हाताला दगड लागला. पायरी. दिवा नव्हता. माणूस नव्हता. बत्तीस पायऱ्या तो गुडघ्यांवर चढला.

मी बोटीला ताडपत्री घालत होतो. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बघतो तर हा समोर उभा, तोंड निळं.

"घळीत हजेरी तू घेतलीस?"

"कसली हजेरी? दुपारपासून मी इथंच आहे. तू कुठून आलास?"

तो उत्तर न देता फळीकडे चालू लागला. मी बॅटरी घेऊन मागे गेलो. मला वाटलं, आपला बिल्ला काढतोय. काढलाही. पण तो बघत होता शेजारच्या खिळ्याकडे. मी त्यावर उजेड धरला. डूगलचा बिल्ला तिथं नव्हता.

सकाळी एल्स्पेथला इनिसनं सगळं सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं, त्या ऑक्टोबरातल्या खोट्या "आहे"सकट. ते त्यानं तिला तोवर सांगितलं नव्हतं, आणि मीही नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. मग शाल गुंडाळून खाली आली, फळीपुढे उभी राहिली.

"तू काढलास?"

"नाही, एल्स्पेथ."

माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हटलं.

तिनं खिळ्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे या वेळी 'आहे' तो स्वतः म्हणाला," ती म्हणाली, आणि घरी गेली. दोन वर्षं डूगलसाठी रात्रंदिवस जळणारा तिच्या ओसरीवरचा दिवा त्या संध्याकाळी लागला नाही. इनिस त्यानंतर पाण्यात उतरला नाही. मी हजेरी घेतो तेव्हा आता प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहतो. तुम्हाला त्याचा कंटाळा येतो, माहीत आहे मला.

बिल्ला आजतागायत कुणाला सापडला नाही. पोरांनी चोरला म्हणाल, तर सकाळी उजेडात फळी नीट बघा. खिळा उपटलेला नाही. सरळ केलेला नाही. मी ठोकला होता तसाच आहे, वर वाकलेला, टोक लाकडात रुतलेलं.