बरोबरीची ढाल

कामठीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली भली मोठी ढाल होती आणि शेजारचा तरुण मघापासून तिच्याकडेच बघत होता. माझ्याकडे नाही हं — ढालीकडे. बाहेर भुरभुर पाऊस, खिडकीची काच अडकलेली, माझा डावा खांदा चिंब... आणि हा आपला चादरीचे कोपरे न्याहाळतोय. मला जरा रागच आला.

"ही ढाल आमची आहे," तो एकदम म्हणाला.

"अर्धी तुमची. अर्धी आमची. पण तुम्ही कोण?"

"केशव निनावे. कामठीचा. नागपूरले गांधीबागेत कपड्याच्या दुकानात आहो. आणि तुम्ही... गोपाळरावांच्या कोण?"

"मुलगी. उत्तरा."

त्यानं मान खाली घातली. बाबा उन्हाळ्यात गेले, हे कामठीपर्यंत पोचलं होतं तर.

सत्त्याहत्तर साली फुटबॉलच्या फायनलला आमचा कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीचा संघ आणि कामठीचा संघ भिडले होते. शून्य-शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवले, पुन्हा शून्य-शून्य. शेवटी पंचांनी हात टेकले आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवून ढाल सहा-सहा महिने वाटून दिली. पुढच्या वर्षी स्पर्धाच बंद पडली, संघ पांगले, पण रीत राहिली. पावसाळ्यात ढाल कामठीला जायची, संक्रांतीनंतर कोराडीला यायची. हे नेणं-आणणं बाबाच करायचे.

त्या दिवशी मी ती कायमची देऊन टाकायला निघाले होते. आई मी लहान असतानाच गेलेली. बाबांच्या जागी मला ऑफिसात लावून घेतलं म्हणून क्वार्टर तेवढं राहिलं. त्या दोन खोल्यांत मी आणि भिंतीवरची ढाल... रोज तिच्यावर बसलेली वीज केंद्राची राख पुसायची आणि रोज रडायचं. मला ते नको झालं होतं.

"बाबा तुमचे तवा चाळिशीले आले होते, पण मागं बचावाले काय स्टॉपर होते," केशव हळूच म्हणाला. "आमचा सेंटर फॉरवर्ड अजून त्यांच्या नावानं बोटं मोडते."

"मोडू द्या."

"बचाव तुमचा एक नंबर. पण पुढं? बॉल अर्ध्या मैदानापलीकडं गेला का तुमचे लोक घाबरून वापस. मॅच पाहून राहिलो का पहारा, तेच समजे ना मले."

"आमच्याकडे एक फॉरवर्ड होता ना."

"कोणता?"

"तो... पंचांशी भांडायचा तो."

तो खळखळून हसला, आणि मीही हसले. माझं मलाच नवल वाटलं.

कामठीला भैय्याजींच्या ओसरीवर, म्हणजे त्यांच्या संघाच्या जुन्या सेक्रेटरींकडे, चहा आला आणि चार म्हातारे चाहते जमले. बाबांनी कोणता कॉर्नर डोक्यानं बाहेर काढला, चिखलात कसे आडवे पडले, सगळं रंगात येऊन सांगत होते. आमच्या संघाला गोल कधी जमले नाहीत यावर मनसोक्त हसत होते. इतक्या महिन्यांत बाबांचं नाव कुणी असं भरल्या तोंडानं घेतलं नव्हतं. ढाल कायमची ठेवून घ्या, हे माझ्या ओठांवरच राहिलं.

"संक्रांत झाली का मी आणून देतो," केशव बसस्टँडवर म्हणाला. "तुम्ही काहून वजन उचलता?"

त्यानं आणून दिली. पावसाळ्यात न्यायला आला, संक्रांतीला पुन्हा घेऊन आला. दर वेळी खुर्चीच्या कडेवर बसायचा, चहा फुंकून प्यायचा, फायनलचा एखादा किस्सा सांगायचा, आणि माझ्या साडीकडे बघून, "हा रंग आमच्या दुकानातला नाही," म्हणायचा.

"काहून, वाईट आहे?"

"मी असं कुठं म्हटलं..."

इतकंच. एवढ्यावर मी सहा महिने काढायची. तो गेला की घर आणखी मोठं वाटायचं. त्याचा कप धुवायला मी मुद्दाम उशीर करायची. आपण होऊन पुढे व्हावं, हे मला सुचतच नव्हतं. बापाची लेक मी, उभी राहून वाट बघणारी. पण तोही तसलाच निघावा, याला काय म्हणावं?

पुढच्या पावसाळ्यात ढाल काखेत धरून तो दारात थबकला. "मी भिवंडीले जाऊन राहिलो. मामाच्या पॉवरलूमवर. गुरुवारी." मग ढाल दुसऱ्या काखेत घेत, "यापुढं भैय्याजी पाठवतीन कोणाले तरी."

"बरं," मी म्हणाले.

फक्त बरं. दार लावलं आणि त्याच दाराला पाठ टेकून खाली बसले. मला तो हवा होता. ढाल कुणीही आणली असती.

बुधवारी ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुटी टाकली आणि कामठी गाठली. तो घरासमोर वळकटी बांधत होता. मला रिकाम्या हातानं आलेली पाहून गोंधळला.

"ढाल तर परवाच आणली मी. काही राहिलं काय?"

"ढालीसाठी नाही आली."

"मग?"

गल्लीत माग खडखडत होते. आवाज चढवूनच बोलावं लागलं, नाहीतर कदाचित पुन्हा गिळलं असतं.

"मले घरात एकटीले करमत नाही. तुम्ही येऊन गेल्यावर तर... बिलकूल करमत नाही. जायचं तर जा. पण हे ऐकून जा."

त्याच्या हातातली दोरी सुटली. ती उचलायला तो खाली वाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले वाटे, तुम्ही बाबांच्या आठवणीसाठी दार उघडता. मी आपला दर खेपेला नवा किस्सा शोधत बसे. मागचे दोन तर मनानंच रचले."

"समजलं होतं मले. बाबा डाव्या पायानं कधी खेळलेच नाही."

आता तो बघत होता. माझ्याकडे.

भिवंडीला तो गेलाच, मामाला शब्द दिला होता. स्टेशनवर मी गेले होते. गाडी हलली तसा तो खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "दिवाळीले आईले घेऊन येतो, उत्तरा. तवा मात्र बरं म्हणून दार नको लावजो."

मी मान हलवली. घरी आले, तर खोल्या तितक्याच रिकाम्या होत्या. त्याला पहिलं पत्र मी त्याच संध्याकाळी लिहायला घेतलं.