पुलावरची एकच बाई

सोनाजीला तुम्ही ओळखता पोरांनो, मेंढरं राखतो तो. अंगानं दांडगा, पण त्याला फिट यायची. शहरातल्या डॉक्टरनं गोळी सुरू केली. मेंदूच्या नसांत सोडियम शिरायची वाट ही गोळी रोखते, म्हणून झटका पसरत नाही, असं त्यानं समजावलं होतं. दोन वर्षं बरी गेली, हिरड्या तेवढ्या सुजल्या. मग दिवाळीनंतर पुन्हा एक झटका आला. डोस वाढवला, आणि पंधरा दिवसांत सोनाजीचा तोल जायला लागला. एकाचे दोन दिसायला लागले.

पौषातली अमावस्या. सोमवार. गोळ्या संपत आलेल्या आणि एकही चुकवायची नाही अशी ताकीद, म्हणून तो फुलंब्रीला गेला. परतताना फाट्यावर उतरला तेव्हा साडेसात झाले होते. तिथून वस्ती दोन किलोमीटर. मोबाइलचा उजेड धरून झोकांड्या खात निघाला. दोन रस्ते, दोन लिंबं, विजेचे खांब जोडीनं उभे. याची आता त्याला सवय झाली होती.

नाल्यावरचा पूल आला. दोन कठड्यांचे चार दिसत होते. तिथं एक बाई उभी होती.

एकच.

सोनाजी थबकला. एक डोळा झाकला की एकाचं एकच दिसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं डावा डोळा झाकला. कठडे दोन झाले. खांब एक झाला. बाई...

नव्हतीच.

हात काढला. दोन खांब. चार कठडे. एक बाई. आता जवळ.

पळावं, तर पाय कुठं पडेल याचा भरवसा नाही.

"फिटच्या गोळ्या का?" तिनं हळू विचारलं.

त्यानं कशीबशी मान हलवली.

"मलाबी व्हत्या. एकच घ्यायची राहिली... त्याच रात्री..."

ती अजून जवळ आली. गार. लई गार.

सोनाजीनं डोळे मिटले. धावला. पडला. उठला. धावला.

पुढं रक्त तपासलं तर औषध अंगात फार वाढलेलं निघालं. डोस कमी केला, आठवड्यात नजर ठीक झाली. बाईचं ऐकून डॉक्टर म्हणाला, भास झाला असेल. सोनाजीनं विचारलं, "मंग तेवढी एकच कशी दिसली?"

डॉक्टरनं नव्या डोसची चिठ्ठी पुढं सरकवली.

पण पुलावरून आला त्या रात्रीच सोनाजीच्या बायकोनं, सारजाबाईनं, फाटका सदरा उतरवून खिसा रिकामा केला होता. नव्या पाकिटांखाली अजून एक पाकीट निघालं. मी हातात घेऊन पाहिलंय. तीच गोळी. चांदी काळी पडलेली. वर छापलेलं साल दोन हजार नऊ. नऊ घरं फोडलेली.

एक गोळी शिल्लक.