वीसपैकी शून्य

चष्म्यावर बसायचं नसतं, हे तिला बसल्यावर कळलं. इंग्रजीच्या वर्गाला अर्धा तास उरला होता आणि चष्म्याची दांडी हातात आली होती. नशीब, जिन्याखालीच चष्म्याचं दुकान होतं. चाचपडत खाली उतरली.

उंचशा चष्मेवाल्याने दांडी बसवली, काचेवर हलकी फुंकर मारून ती पुसली आणि खात्री करायला तिला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. हौसेखातर चष्मा मागणारेही येतात, तो सांगत होता, पण ते लगेच सापडतात.

"खरंच दिसत नाही त्याचं अंदाजाने एखादं अक्षर तरी बरोबर येतं," तो म्हणाला. "सोंग करणाऱ्याचं एकही येत नाही."

चष्मा तिच्या कानांवर चढवताना त्याची बोटं क्षणभर थबकली... आणि दुसऱ्याच दिवशी स्वारी तिच्या वर्गात हजर.

वर्ग तिच्या मावशीचा. नवे लोक संध्याकाळी भाचीकडे शिकायचे, पास झाले की सकाळी मावशीकडे जायचे, आणि तीनदा नापास झाले की नाव कटायचं. परीक्षा एकाच गोष्टीची, कारण भलेभले तिथेच घसरतात: साधा भूतकाळ की पूर्ण वर्तमानकाळ? तिने उदाहरणाला त्याचाच धंदा घेतला. काल काच फुटली, असं 'काल' धरून सांगायचं तर साधा भूतकाळ. कधी फुटली ते राहू दे, पण फुटली आहे आणि म्हणून आत्ता नीट दिसत नाही, असं सांगायचं तर पूर्ण वर्तमानकाळ. तो मन लावून ऐकायचा. फळ्याकडे कमी, तिच्याकडे जास्त. तिलाही ते आवडायचं, उगाच 'नाही' कशाला म्हणा.

पण गडी दोनदा नापास झाला. पेपर मावशी तपासायची, त्यामुळे तिला नुसता निकाल कळायचा. तिसऱ्यांदा मात्र मावशीने पेपरच तिच्या हातात कोंबला. "तुझा चष्मेवाला म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. उद्या नाव काढते."

वीस वाक्यं, प्रत्येकात दोनपैकी एक काळ निवडायचा. वीसपैकी शून्य. उद्यापासून त्याची खुर्ची रिकामी... आणि मग तिला एकदम हसू फुटलं. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी आठ-दहा बरोबर आली असती. वीसच्या वीस चुकवायची तर वीसच्या वीस यावी लागतात.

मावशीकडून नवा पेपर मागून घेऊन ती तडक खाली उतरली. डोळे तपासायचेत, म्हणाली आणि खुर्चीत बसून ठासून चुकीचं वाचत सुटली. सगळ्यात वरचं, घराएवढं अक्षरही सोडलं नाही.

"बाई — सोंग करताय."

"ओळखायला तुम्हीच शिकवलंत," असं म्हणून तिने शून्याचा पेपर त्याच्यापुढे ठेवला.

त्याचे कान लाल झाले. "पास झालो असतो, तर सकाळच्या वर्गात जावं लागलं असतं..."

"आणि आता नाव कटतंय. झोपेचं सोंग घेतलेल्याला मावशी जागं करत बसत नाही."

तो हातातलं फडकं चुरगाळत राहिला. एवढा पुढचा विचार केला नव्हता, असं त्याने कबूल केलं. तिने केला होता. तिने नवा पेपर समोर सरकवला आणि इथेच, आत्ता, पास व्हायला सांगितलं.

"म्हणजे वर्गातून काढताय मला?"

"हो. माझ्या विद्यार्थ्याबरोबर मी चहाला जात नाही. आणि तुमच्याबरोबर मला जायचंय."

मग काय विचारता! पाच मिनिटांत वीस वाक्यं, एकही खाडाखोड नाही. तिने शेवटच्या वाक्यापाशी बरोबरची खूण केली, पण पेन खाली ठेवलं नाही.

"आता खरं सांगा. कधीपासून?"

"दांडी मोडली, त्या दिवसापासून." या वेळी तो अडखळला नाही. "तुम्ही मला फार आवडता."

"मलाही तुम्ही," ती म्हणाली.

त्याने दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि पेपर घडी करून खिशात घालू लागला. तिने तो काढून घेतला. मावशीला दाखवायचा होता.